फ्रिजच्या दारातली बुरशी

मी बुरशी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा, मला सवय आहे. पावावर, चपलांवर आणि ओल्या भिंतीवर उगवणाऱ्या माझ्या भावकीने घराण्याचं नाव पार घालवलंय. मी मात्र अळ्यांवर वाढते. अळीच्या अंगाला चिकटायचं, हळूच आत शिरायचं आणि तिला आतून पोखरायचं, हा माझा पिढीजात धंदा.

माझा जन्म प्रयोगशाळेतला, उकडलेल्या तांदळावरचा. तिथल्या बाई मला बाळंतिणीसारखं जपायच्या. पुडीत भरताना त्यांनी वर ठळक छापून घेतलं, 'थंड जागी, सावलीत ठेवा.' शेतीच्या औषधांच्या दुकानदाराने ते वाचलं आणि मला दर्शनी काचेत भर उन्हात मांडलं. माझ्या कितीतरी बहिणी तिथेच गेल्या. गिऱ्हाईक यायचं, पुडी नाकाशी धरायचं आणि म्हणायचं, "छे, वासच नाही! हे काय मारणार?" माणसाची सगळी श्रद्धा नाकात असते, हे मला तिथे कळलं.

शेवटी मला एका सुनेने घेतलं. तिच्या घरामागे जाळीच्या शेडमध्ये ढोबळी मिरची होती. पानं निवडायचं, फळं तोडायचं काम तिचं, आणि फवारायचं सासऱ्यांचं. फवाऱ्याच्या विषाने तिच्या हातांची सालं निघायची. पोरीचे केस विंचरतानाही ती हातमोजे घालायची. सासऱ्यांना सगळे 'पंपवाले' म्हणत, कारण पाठीवरचा पंप ते जेवायला बसतानाच काय तो उतरवत. अळ्यांना त्यांच्या औषधाची इतकी सवय झाली होती की फवारा आला की त्या पान कुरतडायचं थांबवतसुद्धा नसत.

"बाबा, एक ओळ मला द्या," सून म्हणाली. "त्या ओळीत विष नाही मारायचं."

"घे की! ती ओळ वाचली तर हा पंप तुझ्या हवाली. नाही वाचली तर पुन्हा माझ्या कामात नाक खुपसायचं नाही."

अर्धी पुडी तिने बादलीत कालवली आणि ऊन उतरल्यावर हातफवाऱ्याने पानांच्या खालच्या बाजूला मारली. उरलेली फ्रिजच्या दारात ठेवली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, बुरशी जावी म्हणून मी फ्रिज घासून घासून मेले, आणि तू ती विकत आणलीस?"

आता माझं असं आहे की मी एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी असते. फ्रिजमध्ये लोण्याशेजारी गारठत होते आणि शेडमध्ये पानाखाली कामही करत होते. माझं काम सावकाश चालतं. पंपवाले रोज येऊन बघायचे आणि मिशीत हसायचे. "काय, निजलंय वाटतं तुझं औषध?" सून हसायची, पण ते गेले की एकेक पान उलटून मला शोधायची.

मग एका सकाळी अळ्या गप्प झाल्या. पानांना चिकटून कडक झाल्या आणि त्यांच्या अंगावर मी उगवले, पांढरीशुभ्र, कापसासारखी. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाला तरी सुंदर दिसेन असं वाटलं. नेमकी सून तेव्हा बाजारात गेली होती.

पंपवाले आत आले. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचं धाबं दणाणलं.

"अगं ए, धाव! मिरचीला बुरशी लागली!" त्यांनी सासूबाईंना हाक मारली. अळ्या मेल्यात हे त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. त्यांनी कपाटातून बुरशीनाशक काढलं, पंप भरला आणि मला न्हाऊ घातलं. पसरायला नको म्हणून बाकीच्या ओळींवरही मारलं. ज्या घराचं पीक वाचवलं त्याच घराने मला मारलं. राग आला मला, आणि वाईटही वाटलं.

सून परतली तोवर मेलेल्या अळ्या त्यांच्या ध्यानात आल्या होत्या आणि ते मिशांवर ताव देत ओळीत उभे होते. "बघ! माझ्या एका फवाऱ्यात अळी खलास."

तिने बुरशीनाशकाची बाटली पाहिली, मग मला पाहिलं. ती आता रडणार असं मला वाटलं. पण ती शेजारच्या ओळीत गेली आणि एक पान उलटून त्यांच्यापुढे धरलं. त्यावर एक लठ्ठ अळी आरामात जेवत होती.

"बाबा, इथेही तुम्ही हेच मारलंत ना? मग ही कशी जिवंत?"

पंपवाल्यांनी अळीकडे पाहिलं. बाटली फिरवून वाचली. पुन्हा अळीकडे पाहिलं. ती खातच होती. मग त्यांनी खांद्यावरचे पट्टे सोडले आणि पंप तिच्या पायाशी ठेवला.

"पण बाहेर कोणी विचारलं, तर माझ्याच फवाऱ्याने मेल्या म्हणून सांग."

"सांगेन," ती म्हणाली. आणि पंप साबणाने धुवायला घेतला. पाण्याला विषाचा वास यायचा थांबेपर्यंत धूतच राहिली.

मी, उरलेली अर्धी, अजून फ्रिजच्या दारातच आहे. आज संध्याकाळी माझी पाळी. मघाशी पंपवाले आले, कोणी बघत नाही ना ते पाहून त्यांनी मला बाहेर काढलं, नाकाशी धरलं आणि "वास नाही तो नाहीच," असं पुटपुटत परत ठेवलं. पण दारात नाही हं, आत, जास्त गार लागतं तिथे.

श्रेय त्यांनाच राहू द्या. मला तेवढी सावली द्या, आणि मी पांढरी फुलून आले की कृपा करून घाबरू नका. पलीकडे सून पोरीची वेणी घालतेय. हातमोजे खुंटीवर आहेत.