काकाच्या शेडमधली मंडळी

"हात वरच ठेवा, मला नीट दिसू देत," काका म्हणाला. आणि पहिल्याच बाकावर काकूचा हात वर होता. कंपाउंडरच्या नावाला.

ज्या शेडमध्ये माझा काका आठवडाभर पाण्याच्या लोखंडी टाक्या जोडायचा, तिथेच रविवारी आमची उपासना भरायची. सुरुवातीला आम्ही घरचेच, मग शेजारी, मग त्यांचे नातलग. प्रत्येकाला काकाने समोर बसवून विचारलं होतं, तुला स्वतःला पटलंय का? आईबाप मानतात म्हणून नको. पटलं असेल तरच बाप्तिस्मा, तोही पाण्यात पुरतं बुडून, काकाच्याच टाकीत. माझ्या नवऱ्याला तर त्याने दोन वर्षं ताटकळत ठेवलं. "लग्न माझ्या पुतणीशी केलंस, देवाशी नाही," म्हणाला.

आज आमची वेगळी मंडळी, म्हणजे आमचं स्वतःचं चर्च, स्थापन व्हायची होती. ज्या मूळ मंडळीतून आम्ही निघालो, तिथले पाळक, म्हणजे पास्टर, मुद्दाम आले होते. भला माणूस. उभं राहत काकाला म्हणाले, "पाळक कोण, यात विचारायचं काय? तुमचंच नाव जाहीर करतो."

काकाने त्यांना हातानेच थांबवलं. "पाळकसाहेब, तुम्ही आम्हाला उभं केलंत, ते विसरणार नाही. पण आमचा पाळक आम्ही निवडणार. मंडळीचा धनी एकच, प्रभू. त्याच्याखाली सगळे सारखे. बाईचा हातही तेवढाच."

बोलताना त्याचा चेहरा असा खुलला होता, की निकाल जणू खिशातच आहे. का नसावा? घाम त्याने गाळला होता. कुणीतरी दवाखान्यातल्या अबोल कंपाउंडरचं नाव सुचवलं, तेव्हाही तो खुशीत होता. आधी काकाच्या नावाला हात वर झाले. मीही माझा केला. मग कंपाउंडरच्या.

"तू हात चुकून वर केलास का?" त्याने काकूला विचारलं.

काकू उभी राहिली. काकाशी बोलायचं म्हणजे आवाज चढवावाच लागे, त्यामुळे साऱ्या शेडने ऐकलं.

"चुकून नाही. तुम्हाला ऐकू येत नाही. पत्रे ठोकून ठोकून कान गेलेत तुमचे, आणि तुम्ही कबूल करत नाही. मागच्या रविवारी शिवणवाली तुम्हाला सांगत होती, लेक गेली म्हणून. तुम्ही म्हणालात, वा, छान झालं."

शिवणवालीने मान खाली घातली. काकाचा चेहरा पार उतरला. काकूचा रागच आला मला, खोटं कशाला बोलू.

"हे घरी सांगायचंस," तो म्हणाला.

"घरीच सांगत आले. तुम्हाला ऐकू आलं नाही."

काकाने पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना हात वर करायला लावले. या खेपेला कंपाउंडरच्या बाजूने आणखी काही हात वर झाले, काकाच्या हातांपेक्षा जास्त. पाहुणे पाळक हळूच म्हणाले, "पुढच्या आठवड्यावर ढकलू या का?" काकाने कानामागे हात धरला. त्यांना मोठ्याने म्हणावं लागलं.

"नाही," काका म्हणाला. "मंडळीने ठरवलं." आणि त्याने कंपाउंडरचं नाव खणखणीत आवाजात जाहीर केलं, त्याला हाताला धरून पुढे आणलं. आता काका स्वतः कुठे बसेल, हे मला कळेना. पुढच्या खुर्चीशिवाय तो कधी कुठे बसलाच नव्हता.

तो शेवटच्या बाकाकडे गेला आणि शिवणवालीच्या शेजारी बसला.

"बाई, त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं गं," तो म्हणाला. "पुन्हा सांगतेस?"

त्याने कान तिच्या तोंडाजवळ नेला. ती सांगू लागली, अगदी पोरीच्या तापापासून. पुढे कंपाउंडर पहिल्या प्रार्थनेसाठी उभा होता. तो थांबला. मग आम्ही सगळेच थांबलो.