चोख तांबं

इंजिनिअरने पट्टीला बोट लावलं आणि चटका बसताच झटकलं.

"ईश्वरदास, तांब्यात भेसळ आहे."

राइस मिलच्या दारातून शामकला नवऱ्याकडे बघत राहिली. लढाईमुळे डायनामोची नवी पट्टी कलकत्त्याहून येईना, म्हणून मिलमालक भैयाजीने ती गोंदियाच्या या तांबटाकडून ओतून घेतली होती. जमली तर मिलचं सगळं काम त्याचंच. कसली मेली वीज! ना रंग, ना वास, आणि तिच्यापायी तीस वर्षांच्या कारागिराची अब्रू चव्हाट्यावर.

"मी काहीच टाकलो नाही," ईश्वरदास म्हणाला. "तांब्याबगर काही गेलं असंल, तर आपल्या हातानं भट्टीत पानी ओतीन, अन् पुन्हा पेटवनार नाही. बापाची आन!"

भैयाजी हसला. "इंजिनिअरसाब, सोना डाला होगा इसने!"

"सोनं टाकलं तरी वाईटच." इंजिनिअर हसला नाही. "तांब्यातून वीज सुखानं जाते, सोन्यातूनही जाते. दोन्ही एकत्र वितळली, की ती पावलोपावली ठेचाळते आणि पट्टी तापते."

शामकलाने पदर नाकावर ओढला.

"कल दूसरी लाना. आखरी मौका," भैयाजी म्हणाला.

घरी येताच ईश्वरदासने बापाच्या हातची घागर घणाखाली घातली. तुकडे मुशीत टाकून तो भाता ओढू लागला.

"मागच्या बारीले पूजा केली, तशीच कर. शकुनाचं काही चुकवू नको."

ती जागची हलली नाही. मागच्या वेळी त्याची पाठ फिरताच तिने हळदकुंकवासोबत आपली अर्ध्या तोळ्याची नथनी मुशीत सोडली होती. सोन्याने कधी कोणाचं वाईट झालंय? आपलेच दात अन् आपलेच ओठ, आता सांगायचं कोणाला! भोक बुजू नये म्हणून तिच्या नाकात कडुलिंबाची काडी होती.

"काऊन उभी राहिली?" ईश्वरदासने मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "नथनी कुठी गेली तुही?"

तिने मुशीकडे बोट दाखवलं.

"काम जमावं म्हनून..."

भाता थांबला. ईश्वरदास उठला आणि रांजणातून बादली भरू लागला.

"कोनालेच मालूम नाही!" तिने त्याचा हात धरला. "अन् हे तांबं तं चोख आहे. उद्या पट्टी जमंल!"

"हो, जमंल," तो म्हणाला आणि हात सोडवून त्याने निखाऱ्यांवर पाणी ओतलं.