आमच्या टेकडीवर चोऱ्या वाढल्या

ओहायोतल्या आमच्या शहरात टॅनर्स हिलचं नाव काढलं की लोक गाडीच्या काचा वर करतात. मी इथंच जन्मलो, इथंच गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि खालच्याच गल्लीतल्या ओडेसाशी लग्न केलं, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. महापालिकेला मात्र वाटायचं. म्हणून त्यांनी एक योजना काढली. जो पोलीस टॅनर्स हिलवर राहायला येईल, त्याला इथलं एखादं रिकामं घर जवळजवळ फुकटात. योजनेचा गाजावाजा झाला, पण एकही पोलीस फिरकला नाही. त्यानंतर कधीतरी मार्सेला ब्रॅडॉक आली.

तिशीच्या आतली पोरगी. उंच, रुंद खांद्यांची, हसली की पुढच्या दोन दातांमधली फट दिसायची. माझ्या दुकानासमोरचं पिवळं घर तिनं घेतलं. पहिले काही आठवडे ती आम्हाला हात करायची, आम्ही तिला हात करायचो, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या दारात शिरायचं. ती वाईट होती असं नाही. पण पोलिसाशी गप्पा तरी काय मारणार?

तिचं सामान बेताचंच होतं, एक वस्तू सोडून. मागच्या अंगणात तिनं मांस भाजायची एक अवाढव्य भट्टी आणून ठेवली. तेलाची जुनी टाकी आडवी कापून, तिला चाकं आणि धुराडं जोडून तिच्या वडिलांनी स्वतः बनवलेली. वडील वारले, घर विकलं गेलं, भट्टी तेवढी तिनं ठेवून घेतली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की ड्यूटीवरून आली की गणवेशातच ती एकदा मागे जाऊन भट्टीवर हात फिरवायची, घोड्याच्या पाठीवर फिरवावा तसा.

जूनमध्ये तिनं प्रत्येकाच्या दारात चिठ्ठी खोचली. ‘शनिवारी दुपारी माझ्याकडे जेवायला या. डुकराच्या भाजलेल्या बरगड्या, मका, कोबीची कोशिंबीर. समोरची मार्सेला.’

“जायचं का?” ओडेसानं विचारलं.

“बघू,” मी म्हणालो. आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो.

शुक्रवारी संध्याकाळी ती ड्यूटीवरून आली, मागे गेली, मग दारोदार विचारत शेवटी माझ्या दुकानात आली.

“मिस्टर क्लोविस, तुम्ही आज इथंच होतात ना?”

“होतो की.”

“माझी भट्टी गेली.”

मी हातातला पाना खाली ठेवला. “गेली म्हणजे?”

“म्हणजे कुणीतरी नेली. फाटक उघडं, गवतावर चाकांचे चरे, आणि भट्टी गायब. तुम्हाला काही दिसलं?”

मी खरंच काही पाहिलं नव्हतं. दिवसभर एका यंत्राखाली उताणा पडून होतो. पण मी ‘नाही’ म्हणालो, आणि ते ऐकून तिनं ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं त्यावरून कळलं की सबंध रस्त्यानं तिला हेच उत्तर दिलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या ओसरीवरून मिस अर्नेस्टीन टॉलिव्हर उतरून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे टेकडीवरच्या निम्म्या माणसांना त्यांनी लहानपणी खाली बसा म्हणून दटावलेलं. आमच्याकडे त्यांना कुणी नुसतं अर्नेस्टीन म्हणत नाही.

“बाळा, तक्रारबिक्रार करू नकोस,” त्या मार्सेलाला म्हणाल्या. “वस्तू आहे, गेली. देव दुसरी देईल.”

“मिस अर्नेस्टीन, मी पोलीस आहे. मीच तक्रार नाही केली तर कोण करणार?”

“इथं कुणीच करत नाही. माझा टीव्ही गेला तेव्हा केली होती मी. दोन दिवसांनी तुमचा एक माणूस आला, आणि मलाच विचारतो, बाई, दाराला कडी लावली होती का? तेव्हापासून मी फोन उचलत नाही. तुमच्या साहेबांनी पेपरात छापून आणलंय ना, टॅनर्स हिलवर चोऱ्या कमी झाल्या म्हणून? अगं, चोऱ्या नाही कमी झाल्या. आमचे फोन कमी झाले!”

पण मिस अर्नेस्टीनचं आज काहीतरी बिनसलंय हे माझ्याही लक्षात आलं. एरवी दुसऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलणारी बाई, ती सगळा वेळ माझ्या पेट्रोलच्या डब्याशी बोलत होती.

मार्सेलानं त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. ठाण्यावर तिची काय थट्टा झाली ते तिनंच पुढे सांगितलं. कुणी तिच्या टेबलावर खेळण्यातली चूल ठेवली. तिचे साहेब कॅप्टन व्हिटकोम यांनी तिला आत बोलावून दार लावून घेतलं.

“ब्रॅडॉक, कुणी उसनी नेली असेल. दोन दिवस थांब ना. आत्ता कुठे आकडे खाली आलेत, आणि त्यात पोलिसाच्याच घरी चोरी! पेपरवाले नाचतील.”

“सर, माझ्या बाबांची भट्टी आहे ती,” ती म्हणाली, “आणि चोरीला गेली आहे.” आणि सही करून बाहेर आली.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडलं तर ती पायरीवर बसलेली. गणवेश नाही, साधा टी-शर्ट, गालावर हात.

“फ्रिज बरगड्यांनी भरलाय,” ती म्हणाली. “दोन दिवस मसाल्यात मुरवल्यात. आता काय करू? ओव्हनमध्ये घातल्या तर बाबा स्वप्नात येऊन थोबाडीत मारतील.”

मला हसू आलं आणि तिलाही आलं. मग मी आत जाऊन ओडेसाला विचारलं, आपली छोटी शेगडी कुठाय गं? ओडेसानं ती शेगडी नुसती काढलीच नाही, तर चाकांवर ढकलत समोरच्या फूटपाथवर नेऊन ठेवली आणि जाताना दोन दारं वाजवली. “शेगडी असेल तर आणा, नसेल तर कोळसा आणा, आणि तेही नसेल तर निदान भूक तरी आणा!”

दुपारपर्यंत मार्सेलाच्या घरासमोर शेगड्यांची रांग लागली. कुणाची गोल, कुणाची तीनच पायांची, एक तर चक्क कपडे धुवायच्या यंत्राच्या ड्रमची. मार्सेला झारा घेऊन या टोकापासून त्या टोकाला पळत होती. धूर इतका झाला की खालच्या गल्लीतले लोक आग लागली म्हणून बघायला आले आणि ताट घेऊन बसले. चिठ्ठी मिळाल्यावर जे ‘बघू’ म्हणाले होते ते झाडून सगळे हजर. माझ्यासकट.

बरगड्या अप्रतिम होत्या. माणसं बोटं चाटत असताना ओट्यावर उभी राहून मार्सेला म्हणाली, “माझी भट्टी चोरीला गेली हे सगळ्यांना माहीत आहे. मी तक्रार केलीय. ठाण्यावर हसले मला. हसू देत. आणखी कुणाचं काही गेलं असेल तर मला सांगा. मी लिहून घेईन, आणि दाराला कडी होती का हे विचारणार नाही.”

सगळ्यांनी मक्याच्या कणसात तोंड खुपसलं. मी मिस अर्नेस्टीनकडे पाहिलं. त्यांच्या ताटातली बरगडी तशीच होती. मग ताट खाली ठेवून, गुडघ्यांवर जोर देऊन त्या उठल्या.

“मी पाहिलं त्याला,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?” मार्सेलानं विचारलं.

“चोराला. कोण कुठला, मला काय माहीत! पिवळं जाकीट घातलेलं, हातात कागद. मला वाटलं, तूच दुरुस्तीला पाठवतेयस. एकटाच ती भट्टी ओढत होता, आणि अशी वेडीवाकडी ओढत होता की माझ्यानं बघवेना. मी त्याला ओरडले, अरे, चाकं आधी सरळ कर! मग फाटक धरलं.”

“तुम्ही फाटक धरलंत?”

“धरलं. आणि ट्रेलरवर चढवायला गिडियनला हाक मारली.”

सगळ्यांच्या माना गिडियनकडे वळल्या. बेकरीत पिठाची पोती उचलणारा तो धिप्पाड गडी ड्रमच्या शेगडीमागे लपायला बघत होता. “मिस अर्नेस्टीन उचल म्हणाल्या,” तो पुटपुटला. “मी त्यांना नाही म्हणू?”

“आणि ऊन मी म्हणत होतं,” मिस अर्नेस्टीनचा आवाज एकदम बारीक झाला, “म्हणून मी त्याला लिंबू सरबत दिलं. बर्फ घालून. दोन ग्लास.”

आधी ओडेसा हसत सुटली. मग मी. मग सगळा रस्ता. मार्सेला तर ओट्यावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मिस अर्नेस्टीन आधी रागावल्या, मग त्यांचेही खांदे हलायला लागले. मार्सेलानं उठून त्यांना मिठी मारली. “काल का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली, बाळा. आख्खी हयात पोरांवर नजर ठेवण्यात गेली माझी. आणि हे माझ्या नाकासमोर!” मग त्या ताठ झाल्या. “लिही. हिरवा ट्रक. एक दार पांढरं. डाव्या कानाला भोक.”

त्यानंतर कुणाला थांबवणं शक्य नव्हतं. कुणाची शिडी, कुणाची सायकल, गिडियनची कुऱ्हाड, कुणाच्या तळघरातले तांब्याचे पाईप. माझा हवेचा पंप गेल्याला दीड वर्ष झालं होतं, तोही मी सांगितला. लोक एकमेकांच्या चोऱ्या ऐकून चाट पडत होते. “तुझंही गेलं? बोलला नाहीस ते!” “तू कुठं बोललास?” मार्सेलाचे कागद संपले तेव्हा ओडेसानं जेवायच्या कागदी थाळ्या दिल्या, आणि त्यांच्या पाठीवर लिहिणं सुरू झालं.

रविवारी नदीपलीकडच्या जुन्या बाजारात गिडियनला पांढऱ्या दाराचा हिरवा ट्रक दिसला. त्यानं काय करावं? फोन केला. टॅनर्स हिलच्या माणसानं आपणहून पोलिसांना केलेला फोन! मार्सेला एका सहकाऱ्याला आणि ओळख पटवायला मिस अर्नेस्टीनना घेऊन गेली. भट्टी तिथं ऐटीत उभी, किमतीची चिठ्ठी लटकवलेली. शेजारी कानाला भोक असलेला माणूस. पोलीस बघून तो पळायच्या बेतात होता, पण मिस अर्नेस्टीनकडे नजर गेली आणि त्याचा चेहराच पडला.

“खाली बस,” त्या म्हणाल्या.

तो बसला. वर म्हणाला, “बाई, खोटं नाही सांगत, सरबत फार झकास होतं.”

त्याच्या गोदामात शिडी निघाली, सायकल निघाली, माझा पंप निघाला. मिस अर्नेस्टीनचा टीव्ही नाही निघाला. तो कुणा दुसऱ्याच चोराचा पराक्रम असावा.

त्या उन्हाळ्यात मार्सेलाच्या ओट्यावर रोज कुणीतरी बसलेलं असायचं. नव्या चोऱ्या, जुन्या चोऱ्या, रस्त्यावरचे बंद दिवे, गाड्यांच्या शर्यती लावणारी टोळकी. ती लिहून घ्यायची, ठाण्यात नोंदवायची, आणि पुढे काय झालं ते येऊन सांगायची. काही झालं नसेल तर तसंही सांगायची. टोळकी बंद झाली. दिवे लागले. आणि शरद ऋतूत पेपरात ठळक मथळा आला: ‘टॅनर्स हिलवर चोऱ्या दीडपट!’

कॅप्टन व्हिटकोम तक्ता घेऊन आमच्या चर्चच्या तळघरात सभेला आले. बिचारे घामाघूम. मार्सेला भिंतीला टेकून उभी होती, नोकरी जाणार असं तोंड करून. कॅप्टननी तक्त्यावरच्या चढत्या रेघेवर काठी ठेवली आणि म्हणाले, “ही परिस्थिती चिंताजनक आहे.”

“कॅप्टन,” मिस अर्नेस्टीन पुढच्या रांगेतून म्हणाल्या, “त्या रेघेत माझा टीव्ही आहे का?”

“तुमचा टीव्ही?”

“चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा तुमच्या माणसानं लिहून घेतलाच नाही, आता परत लिहून दिलाय. गिडियनची कुऱ्हाड आहे? क्लोविसचा पंप? मग ही रेघ नवी कशी? आमचं हे सगळं आधीच गेलं होतं. तुम्हाला आत्ता कळलं, एवढंच. चिंता करायचीच होती, तर आम्ही गप्प होतो तेव्हा करायची.”

तळघरात टाळ्या पडल्या. कॅप्टननी काठी खाली घेतली, खुर्ची ओढली आणि बसले. मग सगळ्यांसमोर मार्सेलाला विचारलं, “ब्रॅडॉक, तुझ्या मते काय करावं?” ती अर्धा तास बोलली. कॅप्टन ऐकत होते, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. पुढच्या महिन्यात आणखी एक पोलीस टेकडीवर राहायला आला, बायकापोरांसकट.

वसंतात माझ्या दुसऱ्या बाजूचं घर विक्रीला निघालं. एक तरुण जोडपं बघायला आलं. नवऱ्याच्या फोनवर शहरातल्या चोऱ्यांचा नकाशा, आमची टेकडी लाल ठिपक्यांनी भरलेली. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, खरं सांगा. इथं राहणं सुरक्षित आहे का?”

मी चष्मा लावून नकाशा पाहिला. “हा ठिपका माझा,” मी म्हणालो. “हा पलीकडच्या गिडियनचा. हा शेजारच्या त्या म्हाताऱ्या बाईंचा, त्यांच्याशी जपून बोला. चोऱ्या होतात इथं. पण झाली की सगळ्या रस्त्याला कळते, आणि सगळा रस्ता शोधायला निघतो. जिथं ठिपकेच नाहीत तिथलं मला माहीत नाही.”

दोघं आभार मानून गेले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण आठवड्यानं त्यातली बायको एकटी आली. हातात माप घ्यायची टेप होती. खिडक्यांची मापं घेऊन झाल्यावर कुंपणापाशी येऊन तिनं विचारलं, “इथनं शाळेची बस किती वाजता जाते हो?”