सही केल्याशिवाय चावी नाही

नवी कोरी व्हॅन चौथ्यांदा सर्व्हिस सेंटरात आली, तेव्हा लाँड्रीवाल्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. गाडी घेऊन चार महिने झाले नव्हते आणि चढावर दुसरा गिअर आपोआप सुटायचा. काल हॉस्पिटलच्या चादरी भरलेली गाडी शाळेसमोर मागे घरंगळली. मागे मुलं होती. थोडक्यात निभावलं.

पण संध्याकाळी मॅनेजर आपला हसतोय. "काका, गाडी एकदम टकाटक! नव्या गाडीची सवय व्हायला वेळ लागतोच."

"वीस वर्षं गाडी चालवतोय. सुटतो तो गिअर, मी नाही!"

"बरं बरं. इथे सही करा, चावी घ्या."

दर वेळी हेच. दुकानात गठ्ठे वाट बघत असायचे, आणि लाँड्रीवाला घाईघाईत सही ठोकून मोकळा व्हायचा. आज मात्र बायको सोबत होती. तिने कागद ओढला आणि मोठ्याने वाचला, "तक्रार पूर्णपणे दूर झाली. ग्राहक समाधानी." मग नवऱ्याकडे बघितलं. "अहो, तीनदा समाधानी झालात, आणि घरात कुणाला पत्ता नाही?"

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. ती पुढे म्हणाली,

"गिऱ्हाइकाच्या शर्टावर आधीचा डाग असला तर पावतीवर लिहून सही घेता. आणि जिवावर बेतणारा कागद वाचायचा नाही?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. राग स्वतःवर तर होताच, पण या गोडबोल्यावर जास्त. उद्या ग्राहक कोर्टात गेलो, तर हा हेच तीन कागद तोंडावर मारणार!

"चला, चढावर जाऊन येऊ. तुम्ही चालवा," तो म्हणाला.

"मला कुठे वेळ आहे?"

"मग मलाही सही करायला वेळ नाही."

"सही नाही तर चावी नाही. नियम आहे."

"ठेवा चावी! याच दोषासाठी चौथ्यांदा आली आणि तुम्ही अडकवून ठेवली, तेवढं लिहून द्या."

आवाज ऐकून म्हातारा मेकॅनिक हात पुसत आला. त्याने या गाडीच्या तपासणीच्या नोंदींचं वर्कशॉपचं कार्ड काउंटरवर ठेवलं. "गिअरबॉक्सच सदोष आहे. दोनदा लिहिलंय मी. उद्या माझा नातू असेल त्या गाडीमागे."

मॅनेजरने कार्डावर झडप घातली. "हा आतला कागद आहे!"

"गाडी माझी, मग कागद आतला कसा?"

तोवर बायकोने फोनवर फोटो काढलासुद्धा.

गाडी तिथेच ठेवून दोघं बसने घरी गेले. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या टेम्पोतून गठ्ठे पोचवून त्याने कंपनीला नोटीस धाडली: दुरुस्ती नको, गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत. पंधरा दिवसांत उत्तर नाही, तर ग्राहक कोर्टात भेटू.

आठवड्याने मॅनेजरचा फोन. "एवढं मनावर कशाला घेता? नवा गिअरबॉक्स बसवून देतो ना! घरचंच समजा."

"घरच्यांना असं उतारावर सोडता का? नोटिशीचं उत्तर लेखी पाठवा," लाँड्रीवाला म्हणाला आणि फोन ठेवून दिला.