काटा खाली, पाणी खोल

मी जानू, बुरोंडीचा तांडेल. वीस वर्षं लाँच चालवतोय, आणि सत्त्याऐंशी साली मीच ती आमच्या बंदरासमोरच्या वाळूत घातली. तीही भरदिवसा. किनाऱ्यावर सगळ्या बायका टोपल्या घेऊन बघत होत्या.

कारण ती मेली पेटी. मुंबईच्या कॉलेजातले एक सर पाण्याची खोली सांगणारं यंत्र घेऊन आलेले. माणसाला यंत्र वाचायला सोपं कसं करायचं, यावर त्यांचं संशोधन. सोबत त्यांची विद्यार्थिनी राही, आमच्या दापोलीचीच. सरांनी मला समुद्राकडे पाठ करून बसवलं. समोर उभी पट्टी, तिच्यावर काटा. काटा बघून मी हुकूम द्यायचा, माझ्या खलाशाने, दादूने, सुकाणू धरायचं. काटा खाली खाली जायला लागला. मी म्हटलं, घाल पुढे. लाँच खर्रकन बसली.

भरती येईस्तोवर चार तास तिथेच. सरांनी वहीत लिहिलं, ‘तांडेलांना यंत्र वाचता येत नाही,’ आणि वर वाचूनही दाखवलं. मी म्हटलं, तुमचा काटाच चुकतोय. दादू हसला, “नाचता येईना, अंगण वाकडं.” दुसऱ्या दिवशी खलाशांनी ठरवलं, पुढच्या मोसमात तांडेल दादू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राही घरी आली. “जानूकाका, काटा खाली जाताना तुम्ही पुढे का घातलीत?”

“डोकं खाऊ नको गो.”

पण पोरगी चिवट, हलेना. शेवटी मी शिसं बांधलेली दोरी काढली आणि विहिरीत सोडून दाखवली. “पाणी खोल, तसं शिसं खाली जातं. खाली म्हणजे खोल. हे तुम्हांला शिकवत नाहीत?”

ती विहिरीच्या काठावर मटकन बसली. “सरांच्या पट्टीवर खोली वाढली की काटा वर चढतो. कागदावरच्या आलेखासारखा. काका, अंगण खरंच वाकडं आहे.”

दुपारपर्यंत तिने पट्टी उलटी बसवली. मग चार दिवस आठ तांडेलांना दोन्ही पट्ट्यांवर बसवून पाहिलं. जुनीवर सहा जण चुकले, नवीवर एकही नाही. सर म्हणाले, “आठ जणांवरून काय ठरतं? जानू तांडेलांना नव्या पट्टीवर पुन्हा त्याच वाटेने नेऊ.” आता रुतलो असतो तर राहीचं संशोधन गेलं असतं आणि माझं तांडेलपणही.

ओहोटी होती. काटा वर सरकायला लागला, म्हणजे पाणी उथळ. “दादू, डावीकडे घे. अजून घे. हळू.” सर स्वतः दोरी टाकून बघत होते.

“दीड वाव पाणी,” ते म्हणाले. काटाही दीडवरच होता.

मग काटा भराभर उतरला. गेल्या खेपेला असाच उतरला होता. तरी मी म्हटलं, “आता घाल पुढे.” इंजिन धडधडलं आणि लाँच सरळ मोकळ्या पाण्यात गेली.

सरांनी वही उघडून ती ओळ सगळ्यांसमोर खोडली. खाली लिहिलं, ‘चूक पट्टीची होती.’ राहीला विचारलं, “हे सापडलं कुणाला?”

“जानू तांडेलांना.”

त्यांनी माझं नाव लिहिलं. मी रडलो, लाजलो नाही.

दादू सुकाणू सोडून बाजूला झाला. “तांडेल, या. तुम्ही धरा.”

“तूच धर,” मी म्हटलं. “हुकूम मी देतो.”