उजव्या खांद्यावर

एकोणीस वर्षं मी आमच्या विद्यापीठातल्या लँटर्न मंडळाची मागची सगळी कामं बघते. पुढाकार घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा सन्मान करणारं हे मंडळ. मान मुलांचा, झग्यांना इस्त्री माझी. दर एप्रिलमध्ये जुने सभासद काळे झगे घालून चालू तासाला वर्गात शिरतात आणि निवडलेल्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारतात. मुलांना आधी काही सांगायचं नसतं. आईवडिलांना मात्र मी गुपचूप फोन करते, आणि ते बाहेर जिन्यापाशी लपून उभे राहतात.

माझ्यापुरता नियम एकच, यादी पक्की झाल्याशिवाय फोन करायचा नाही. यंदा मीच तो मोडला. कच्च्या यादीत केंड्रा स्टॅम्परचं नाव दिसलं आणि माझं झालं उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. ही पोरगी तीन वर्षं तळघरात शिध्याची खोली चालवते. महिनाअखेरीला उपाशी झोपणारी मुलं तिथून सूपचे, बीन्सचे डबे मुकाट्याने घेऊन जातात. तिच्या आईला मी त्याच दुपारी फोन लावला.

काल संध्याकाळी मंडळाच्या निवड समितीने तिचं नाव खोडलं. अर्जात ‘पद’ या रकान्यात केंड्राने लिहिलं होतं, ‘डबे रचते.’

आज सकाळी कळल्यावर मी मंडळाच्या विद्यार्थी-अध्यक्षाशी, ग्रेसनशी भांडले. मुलगा वाईट नाही, पण नियमावर बोट ठेवणारा.

“बाई, तिच्याकडे कुठलंच पद नाही. आम्ही मोजायचं काय?”

“पोटं मोज,” मी म्हणाले.

त्याने मान खाली घातली, पण यादी बदलली नाही. केंड्राच्या आईला मी चारदा फोन लावला, पण त्या घरून निघाल्या होत्या, आणि हार्लनच्या डोंगरातून येणाऱ्या रस्त्यावर रेंज कुठली मिळायला?

दहाला केंड्राची आई, व्हर्लीन स्टॅम्पर, जिन्यापाशी हजर. तीन वर्षांत पहिल्यांदाच इथे आलेल्या. अंगात चर्चला घालायचा निळा ड्रेस, हातात परसातली डॅफोडिलची फुलं, चंदेरी कागदात गुंडाळलेली. मी सगळं सांगून टाकलं, चूक माझी हेही सांगितलं. शरमेने मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात झगेवाले आले आणि वर्गात शिरले. दाराच्या काचेतून आम्ही दोघी बघत होतो. केंड्राने पेन खाली ठेवलं, पाठ ताठ केली. थाप तिच्या पुढच्या बाकावरच्या मुलाला मिळाली. टाळ्या वाजवायला पहिली तीच. ते निघून गेल्यावर तिने पेन पुन्हा उचललं.

“कुठल्या खांद्यावर मारतात?” व्हर्लीनबाईंनी विचारलं.

“उजव्या.”

“झगा लागतोच का?”

“नाही लागत,” मी म्हणाले. एकोणीस वर्षांत मी मोडलेला हा दुसरा नियम.

त्या दार ढकलून सरळ आत गेल्या. शिकवणारे प्राध्यापक बोलता बोलता थांबले. व्हर्लीनबाईंनी लेकीच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. केंड्रा गर्रकन वळली. वळताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो झगेवाल्यांसाठी होता, हे मला दारातूनही कळलं. मग तिला आई दिसली.

“मम्मा? तू कामावर नाही गेलीस?”

“रजा घेतलीय,” व्हर्लीनबाई म्हणाल्या आणि फुलं तिच्या वहीवर ठेवली. “चल, डबे कुठे रचतेस ते दाखव मला.”