शेऱ्याचा रकाना

कारखान्यांच्या नव्या सरकारी नियमांच्या मसुद्यातलं सातवं कलम एका ओळीचं होतं: दगड कापताना करवतीवर पाणी सोडण्याची सक्ती रद्द. हरकती आणि सूचना द्यायला शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत.

माझी वहिनी अशाच एका कारखान्यात स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापते. मी प्रयोगशाळेत हवेतली, फुप्फुसं निकामी करणारी दगडाची धूळ मोजते. सहा दिवस मी तिच्या कॉलरला हवेचे नमुने घेणारी नळी लावून पाठवलं. पाणी चालू असताना आकडा मर्यादेच्या आत होता. पाणी बंद केल्यावर चाळीस पट. हरकतीची चौदा पानं झाली. कारखान्याचं नाव मी मुद्दाम गाळलं. मालकाला कळलं असतं तर वहिनीची नोकरी गेली असती.

शुक्रवारी साडेचारला सरकारी कचेरीत खिडकीवरच्या कारकुनाने पानं चाळली, शिक्का मारला आणि गठ्ठा आत पाठवून दिला.

“पोच सोमवारी न्या, मॅडम. चालेल ना?”

“हरकत नाही,” मी म्हटलं.

त्याने नोंदवहीत लिहिलं. मला उलटं वाचता येतं. क्रमांक एकशे बारा. शेरा: हरकत नाही.

“अहो, हे काय लिहिलंत?”

“तुम्हीच म्हणालात की.”

“ते पोचेबद्दल! चौदा पानं काय तुमच्या कौतुकाची आहेत?”

“शाईचं खोडता येत नाही. साहेब गेलेत. आणि आवाज खाली करा. शिकलेल्या दिसता.”

“शिकलेली आहे म्हणूनच ओरडतेय!”

मी वही माझ्याकडे फिरवली. त्या पानावर अकरा नोंदी होत्या. नऊ जणांपुढे ‘हरकत नाही’ होतं; त्यांनाही पोच सोमवारी चालणार होती.

त्याने कंटाळून एक कोरा फॉर्म सरकवला. “नव्याने द्या. बाधित व्यक्ती असाल तर कारखान्याचं नाव लागेल.”

वहिनी मागे बाकावर बसली होती. ती उठून आली.

“सरका, वन्सं.”

तिने पेन घेतलं. स्वतःचं नाव लिहिलं, कारखान्याचं लिहिलं, तिथल्या कामाची अकरा वर्षं लिहिली.

“वहिनी, नाव नको गं.”

“बिननावाचा आकडा गिळला ना त्यांनी? आता मला गिळून दाखवा म्हणावं.”

कारकुनाने फॉर्म वाचला. पहिल्यांदाच त्याचा आवाज उतरला. “बाई, हे सगळं वेबसाइटवर लागतं. तुमचा मालक वाचेल.”

“येतं त्याला वाचता,” वहिनी म्हणाली. “शिक्का मारा.”

चार सत्तावन्नला शिक्का पडला.

आठवड्याने मी तिचा डबा आणि चपला आणायला कारखान्यात गेले. तिच्या करवतीपाशी दुसरीच बाई उभी होती. पाणी अजून चालू होतं.